चेंबरचं पॅकिंग आणि सुलेखाचं भरतकाम

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, १२ सप्टेंबर २००४

आदरणीय नंदूदादा,

कॅरीहून मोरेश्वरचा नमस्कार. हात साबणानं तीनदा धुऊन मगच पेन उचललं आहे, तरी कागदाच्या कोपऱ्यावर काळा अंगठा दिसला तर तो माझा समजावा. तो कशानं उमटला तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. तुमची शुगर आटोक्यात असेल आणि तुम्ही सकाळचं फिरणं सोडलं नसेल असं धरून चालतो. शोभनावहिनींच्या गुडघ्याला नव्या तेलानं उतार पडला का, ते कळवा. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. अनिका आठवीत गेली. ती आता माझ्याहून दीड इंच उंच आहे आणि रोज एकदा शेजारी उभी राहून ते सिद्ध करते.

दादा, मी तसा तक्रार करणारा माणूस नाही. (हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं थांबलो. सुलेखा म्हणेल, तुम्ही तक्रार करत नाही, तुम्ही नोंद ठेवता. त्यात फरक आहे की नाही, हे मला ठरवता आलं नाही.) पण सोळा वर्षांपूर्वी मिरजेहून आमच्या घरी सुलेखाचा जो बायोडेटा आला, तो तुमच्या अक्षरात होता आणि त्यात ‘आवड’ या शब्दापुढे तुम्ही ‘भरतकाम’ असं लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवतं. या सोळा वर्षांत आमच्या घरात भरतकामाचा एक टाकासुद्धा पडलेला नाही. मी कधी विचारलं नाही, कारण मीही माझ्या बायोडेटात ‘पोहणे’ असं लिहिलं होतं. मात्र गेल्या आठवड्यात जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, त्यानंतर हा विषय काढल्याशिवाय राहवत नाही.

आधी पार्श्वभूमी सांगतो. तुम्हाला माहीतच आहे की आम्ही अठ्ठ्याण्णव साली इकडे आलो तेव्हा सुलेखाचा व्हिसा माझ्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला होता आणि तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. रसायनशास्त्राची पदवीधर बाई सहा वर्षं घरात बसली. ग्रीन कार्ड यंदा एप्रिलमध्ये आलं. तेव्हापासून तिनं एकोणतीस अर्ज केले आणि शेवटी क्लेटनच्या बाजूला, औषधांच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. हजर व्हायचं ते मंगळवारी, सात तारखेला, सकाळी साडेसहाला. क्लेटन आमच्यापासून तीस मैल पूर्वेला, माझं ऑफिस पश्चिमेला, आणि इथे बस ही गोष्ट फक्त शाळेच्या मुलांसाठी असते. म्हणजे सगळी भिस्त आमच्या दुसऱ्या गाडीवर. ही अकरा वर्षांची पांढरी जपानी गाडी महिनाभर थोडं थोडं तेल गाळत होती. (मी खाली ट्रे ठेवून रात्रभरात पडलेलं तेल रोज मोजत होतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा माणूस आहे, दोष सापडला की तो मोजतो. दुरुस्ती करणारा विभाग वेगळा असतो.) शुक्रवारी संध्याकाळी बघतो तर ट्रे भरून तेल फरशीवर आलेलं.

त्यात सोमवारी लेबर डे, म्हणजे तीन दिवसांची सुट्टी. मी चार गॅरेजना फोन लावले. दोन बंद होती आणि दोघांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. मी म्हणालो, मी रजा टाकतो आणि तुला सोडतो. ती नको म्हणाली. मी म्हणालो, मग भाड्यानं गाडी घेऊ. तर म्हणाली, “सहा वर्षं तुमच्या शेजारच्या सीटवर बसून हिंडले. पहिल्या दिवशी तरी माझ्या गाडीनं मला जाऊ द्या.” शनिवारी सकाळी चहा झाल्यावर ती गॅरेजमध्ये गेली, गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून आडवी झाली, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाली, “चेंबरचं पॅकिंग गेलंय.”

दादा, मला ‘चेंबर’ म्हटलं की कॉमर्सवाल्यांची सभा आठवते. तिनं मला समजावून सांगितलं, की इंजिनच्या तळाशी तेल साठवायची पत्र्याची परात असते, ती चेंबर. ती परात आणि इंजिन यांच्यामध्ये जी रबराची पट्टी बसते, ते पॅकिंग. हे तिनं ज्या सहजतेनं सांगितलं, त्या सहजतेनं तिनं मला आजवर साबुदाणा भिजवायची रीतसुद्धा सांगितलेली नाही. मी विचारलं, “तुला हे कसं माहीत?” ती म्हणाली, “आधी दुकानात चला.”

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघून विचारायला लागला, कुठली गाडी, कुठलं इंजिन. मी म्हणालो, पांढरी. तो नम्रपणे थांबला. मग सुलेखानं मागून साल, सिलिंडर, लिटर, सगळं सांगितलं. तरी तो पुढचा प्रश्न मलाच विचारत होता, उत्तर तिच्याकडून येत होतं आणि मी मध्ये दुभाष्यासारखा मान हलवत होतो. आम्ही पॅकिंग, तेल, फिल्टर आणि गाडी चढवायचे दोन लोखंडी उतार घेतले. शिवाय त्यांच्याकडून टॉर्क रेंच नावाचा पाना वापरायला आणला. ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की हा पाना ‘टक्’ करतो, म्हणजे आता पुरे. सार्वजनिक वाचनालयातून त्या गाडीचं पुस्तकही आणलं. ते तेलकट होऊ नये म्हणून मी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि दिवसभर एकशे बारा नंबरचं पान उघडं धरून उभा राहिलो. सुलेखानं त्या पुस्तकाकडे दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहिलं ते त्याची मला सोबत आहे का हे बघायला, अशी मला शंका आहे.

त्यानंतरचे चार तास मी माझ्या बायकोचे फक्त पाय पाहिले. जुने बूट, त्यांच्या वर माझीच टाकून दिलेली पँट, आणि गाडीखालून येणारा आवाज. समोरासमोर सोळा वर्षांत जे ऐकलं नव्हतं, ते मी त्या दोन बुटांशी बोलताना ऐकलं.

“तेरा नंबरची गोटी द्या. तेरा, पंधरा नाही. दादा तर मला पाठमोरी उभी करून गोटी द्यायचा आणि मी हातानं नंबर ओळखायची.” (गोटी म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारं पान्याचं टोपण, हे मला तेव्हा कळलं.)

“कुठला दादा?” मी विचारलं. (प्रश्न मूर्खपणाचा होता. तिला एकच दादा आहे.)

मग सगळं कळलं. तुमच्या कुपवाड रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये ती सातवीपासून शाळा सुटल्यावर यायची. पंपांची इंजिनं, जीपा, एकदा तर बँडवाल्यांची व्हॅन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं एकटीनं एका जीपचं चेंबर उतरवून चढवलं, आणि ती जीप पुढे तीन वर्षं तुमच्या दारावरून जायची तेव्हा तुम्ही म्हणायचा, ते बघ तुझं पॅकिंग चाललं. आणि मग आमचं स्थळ आलं. आम्ही बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला रॉकेलनं आणि लिंबानं हात घासायला लावलेत आणि म्हणालात, आता हे बंद, आणि तिकडे यातलं अक्षर काढायचं नाही.

मी पुस्तक धरून उभा होतो. पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या हातांना येणारा तो वास मला तेव्हा एखाद्या नव्या उदबत्तीचा वाटला होता, आणि तो मला आवडलाही होता, हे मी तिला सांगितलं. गाडीखालून आवाज आला, “ट्रे सरकवा इकडे.”

मला तेव्हा पुण्याची स्कूटरसुद्धा आठवली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती कात्रजजवळ बंद पडली. सुलेखा म्हणाली होती, एकदा प्लग काढून पुसून बघता का, मला उगीच वाटलं. मी पुसला आणि ती सुरू झाली. ही हकिकत मी स्वतःच्या यंत्रज्ञानाचं उदाहरण म्हणून निदान पंधरा घरांत जेवणाच्या पानावर सांगितली आहे, आणि दर वेळी ती शेजारी बसून वाढत होती.

आता कामाचं कौतुक, कारण तुम्हालाच ते कळेल. आडवी येणारी सायलेन्सरची नळी तिनं सोडवली. अठरा बोल्ट काढले, ते एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याच्या त्याच्या जागी खोचले. रबरी हातोडीचे चार ठोके मारले तशी चेंबर तिच्या तळहातावर येऊन बसली. मग जुनं पॅकिंग खरवडण्यात तिनं पाऊण तास घालवला. मला ते पाचव्या मिनिटालाच स्वच्छ वाटलं होतं. ती म्हणाली, “बोट फिरवा.” मी फिरवलं. “लागतंय?” मला काही लागत नव्हतं. “मला लागतंय,” ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली. आमच्या कंपनीत या वृत्तीची चार माणसं असती तर मला कामच उरलं नसतं.

नवीन पॅकिंग बसवून तिनं बोल्ट मधून कडेला, एक इकडचा एक तिकडचा, असे आवळले. प्रत्येकाचं ‘टक्’ मी मोजलं, अठरा झाले. पण जोर किती, तर तिनं मला एक आवळून बघायला दिला, आणि दादा, तो जोर म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा याहून घट्ट लावतात. मी म्हणालो, “एवढंच?” ती म्हणाली, “पॅकिंग दाबायचं असतं, चिरडायचं नसतं.”

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. मी सोलापूरचा. आमच्या घरी तीन दिवसांआड तासभर पाणी यायचं, आणि ठिबकणारा नळ हा घरातला सर्वांत मोठा गुन्हा होता. नळ बंद केल्यावर वर आणखी एक पीळ द्यायचा, हे मला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं गेलं. त्या पिळानं मी पुण्याच्या घरातले सहा वॉशर आणि इथल्या स्वयंपाकघराचा एक अख्खा नळ निकामी केला आहे. माझं शिक्षण, माझी बुद्धी, पान एकशे बारावर छापलेला आकडा, यांतलं काहीही त्या पिळाच्या आड येत नाही. माझा हातच ऐकत नाही.

सुलेखा संध्याकाळी आंघोळीला गेली. मी गॅरेजमध्ये एकटा होतो. माझ्या मनात आलं, ठिबकलं तर मंगळवार गेला. मी साधा पाना घेतला, गाडीखाली शिरलो आणि अठराही बोल्टांना एकेक पीळ दिला. मला वाटलं, मी तिला मदत करतो आहे. (त्या दिवशीच्या रोजनिशीत मी ‘किरकोळ आवरलं’ असं लिहिलं आहे. म्हणजे आत कुठेतरी मला माहीत होतं.)

रविवारी सकाळी तेल भरून तिनं इंजिन चालू केलं, आणि दहा मिनिटांत खाली धार लागली. थेंब नव्हते, धारच होती. तिनं इंजिन बंद केलं, टॉर्च घेऊन खाली जाऊन आली आणि गॅरेजच्या पायरीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हातांकडे बघत म्हणाली, “हात गेला माझा. सोळा वर्षांत जायचाच. दादा म्हणाला तेव्हा बंद केलं ते केलं, आता काय.” मग म्हणाली, “मंगळवारी सोडाल मला?”

दादा, तिला सोडायची तयारी मी शुक्रवारीच दाखवली होती, आणि आता ती आपणहून विचारत होती. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पॅकिंग सदोष निघालं असं म्हणता आलं असतं. तिचा हात गेला असंही म्हणता आलं असतं, ते तर तीच म्हणत होती. मी चाळीस मिनिटं गॅरेज झाडलं. झाडून झालेलं पुन्हा झाडलं. माझ्या लक्षात आलं, की मला तिच्या ओरडण्याची भीती वाटत नव्हती. काल दिवसभर मी तिच्याकडे पाहत होतो तसं ती आता माझ्याकडे कधी पाहणार नाही, याची वाटत होती. आणि पायरीवर बसलेल्या बाईपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटली, याची लाज वाटली. मग मी झाडू ठेवला आणि म्हणालो, “सुलेखा, काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी सगळे बोल्ट आवळले.”

ती म्हणाली, “सगळे?”

“अठराही.”

“किती?”

“नळाएवढे.”

तिनं डोळे मिटले. खांदे हलायला लागले. रडते आहे असं वाटून मी जवळ गेलो, तर हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, “निघा, दुकान रविवारी लवकर बंद होतं. आणि येताना साध्या पान्याला हात लावणार नाही असं मनाशी म्हणत या.”

दुसरं पॅकिंग आणलं. पहिलं बाहेर काढलं तेव्हा ते चार ठिकाणी चिरलेलं होतं, आणि बोल्टांच्या भोवती चेंबरच्या कडेला खळगे पडले होते. सुलेखानं आमचा मिरजेहून आणलेला सागवानी पोळपाट उपडा ठेवला आणि त्यावर कड ठोकून ठोकून अशी सरळ केली की मला बोट फिरवायची वेळच आली नाही. (पोळपाट आता गॅरेजचा झाला. पोळ्या सध्या काचेच्या ताटावर लाटतो आहोत, त्या गोल होत नाहीत.) अनिका वरून उतरून आली, हातोडी चालवणाऱ्या आईकडे बघत राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, आई, हे तू आधी कधी का केलं नाहीस? सुलेखा ठोकत राहिली. मग मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो प्रश्न मी रोजनिशीत उतरवून घेतला आहे.

सोमवारी सारा देश श्रमाचा सण म्हणून सुट्टी घेऊन बसला होता आणि आम्ही दोघं दर तासाला गाडीखाली बघत होतो. फरशी कोरडी. मंगळवारी पहाटे साडेपाचला तिनं गाडी बाहेर काढली. मी दारात उभा होतो. तिनं काच खाली केली, मला वाटलं काही भावनेचं बोलेल. म्हणाली, “डबा ओट्यावर राहिला.” मी धावत आणून दिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझा ऊर भरून आला, आणि लगेच प्रश्न पडला, की यात माझं काय आहे? केलं तिनं, शिकवलं तुम्ही. मी केलं ते बिघडवलं. तरी ऊर भरला, हे खरं आहे, आणि खरं ते लिहायचं अशी माझी सवय आहे. तेव्हापासून ती रोज जाते आणि रोज येते. खाली थेंब नाही.

तेव्हा बायोडेटाबद्दलची माझी तक्रार अशी, की तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंत ते फार कमी लिहिलंत. तुमची बाजू मी समजू शकतो. त्या वेळी आमच्या घरी कळलं असतं तर माझ्या आईनं बशी तशीच खाली ठेवली असती. मी काय केलं असतं, हा विचार मी चार दिवस केला. मीही तेव्हा गप्प बसलो असतो. म्हणून तुम्हाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. आभार मानण्याचा आहे असं वाटतं, तो बजावतो.

शोभनावहिनींना नमस्कार. तब्येत सांभाळा.

तुमचा,
मोरेश्वर

ता.क. — पत्र बंद करण्यापूर्वी एक दुरुस्ती. वर मी माझ्या कबुलीचं जे वर्णन केलं आहे, ते माझ्या बाजूनं खरं आहे, पण काल सुलेखानं सांगितलं, की शनिवारी प्रत्येक बोल्ट आवळून झाल्यावर तिनं त्याच्या डोक्यावरून चेंबरपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली होती. (म्हणे तुमच्याकडे ऑइलपेंटनं ओढायचे.) बोल्ट हलला की रेघ तुटते. गाडीखाली शिरलो तेव्हा ती लाल रेघ मलाही दिसली होती, पण मला ती कंपनीचीच वाटली. रविवारी तिनं टॉर्च मारला तेव्हा अठराही रेघा तुटलेल्या होत्या. धार लागली तेव्हा ती खरंच खचली होती, असं म्हणते, पण खाली जाऊन आल्यावर नाही. “मग पायरीवर बसून ते सगळं का बोललीस?” मी विचारलं. म्हणाली, “तुम्ही किती वेळ घेता ते बघत होते.” चाळीस मिनिटं हा वेळ तिला जास्त वाटला की कमी, हे ती सांगत नाही.

ता.क. दुसरा — दादा, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून लिहिलंच नाही. दर पंधरवड्याला आम्ही फोन करतो तेव्हा तुम्ही बहिणीला पोळीभाजीचं आणि अनिकाच्या अभ्यासाचं विचारता, आणि मग म्हणता, जावईबापूंना दे, गाडीचं विचारतो. मग तुम्ही मला इंजिनाचं विचारता आणि मी उत्तरं देतो. ती उत्तरं आजवर माझी नव्हती. सुलेखा शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगायची आणि मी मोठ्यानं म्हणायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं, की बायको मला आठवण करून देते आहे. हे पत्र पोचल्यावर आमचा पुढचा फोन येईल. तेव्हा मला बोलावू नका. गाडीचं तिलाच विचारा. ती आधी गप्प राहील, कारण तुम्ही बंद म्हणाला होता आणि ते अजून तुम्ही उघडलेलं नाही. थोडं थांबा, फोन ठेवू नका, आमच्या फोनच्या कार्डावर मिनिटं भरपूर आहेत. मी हे पत्र लिहिलं हे तिला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. (मी तुम्हाला एक गोष्ट लपवायला सांगतो आहे, हे मला कळतं. पण तुमचा त्यातला हात चांगला आहे.)